सर्व्हरवरची खाती आणि पासवर्ड: प्रकल्प नोंदी, इंदूर, मार्च २०२५

रामबागेतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), व्हर्च्युअल मशीन, क्लाउड इमेजवरून (तयार साच्यावरून) उभं केलेलं. त्यावर सांबाची (नेटवर्कवरच्या विंडोज मशीनना फोल्डरं देणारी सेवा) सामायिक फोल्डरं, मारियाडीबी डेटाबेसवर चालणारं सभासद-खातेवहीचं सॉफ्टवेअर आणि रात्रीचा बॅकअप. वापरकर्त्यांची खाती आधीच्या सर्व्हरवरून जशीच्या तशी उचलून आणलेली होती. ती साफ करणं आणि पासवर्डची शिस्त बसवणं एवढंच काम. ३१ मार्चच्या वर्षअखेरीआधी ते संपायला हवं होतं, कारण शेवटच्या आठवड्यात हिशोब विभागाच्या लॉगिनला हात लावता येत नाही.

आज्ञांची आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

३ मार्च, सोमवार

आधी मोजदाद. गेटएंट पासडब्ल्यूडी (खात्यांची यादी देणारी आज्ञा) चालवून १००० आणि त्यावरच्या यूआयडीची (खात्याचा क्रमांक) खाती काढली: ५८. पगारपत्रकावर माणसं २६. बाकीच्यांत निवृत्त झालेले, सोडून गेलेले, जुन्या पुरवठादाराचे तंत्रज्ञ आणि ‘स्कॅनर’, ‘टेस्ट२’, ‘हिशोब’ अशी कुणाच्याच नावाची नसलेली खाती. ‘हिशोब’ हे एकच खाते अख्खा विभाग वापरतो. नोंद कुणी बदलली हे त्यामुळे कधीच सांगता येत नाही. कमकुवत पासवर्डपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, म्हणून कामाचा क्रम तिथूनच ठरवला: आधी प्रत्येक खात्याला धनी, मग पासवर्ड.

अजून दोन गोष्टी निघाल्या. पासडब्ल्यूडी फाइलीतल्या तिसऱ्या रकान्यात शून्य असलेली खाती शोधली तर रूट या सर्वाधिकारी खात्याखेरीज ‘ॲडमिन२’ सापडलं. यूआयडी शून्य म्हणजे नाव काहीही असो, ते रूटच. आणि शॅडो फाइलीत (पासवर्ड साठवणारी फाइल) एका खात्याचा दुसरा रकाना रिकामा होता. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) रिकामा पासवर्ड मूळ सेटिंगमध्ये घेत नाही, पण डेबियनच्या पॅममध्ये (लॉगिनची पडताळणी करणारी व्यवस्था) ‘नलओके’, म्हणजे रिकामा पासवर्ड चालेल, असं असतं, त्यामुळे कन्सोलवर (मशीनच्या थेट पडद्यावर) नुसतं एंटर दाबून आत जाता येत होतं. ते खाते तिथल्या तिथे कुलूपबंद केलं.

सावधगिरीची गोष्ट: कोण खाते वापरतंय हे लास्टलॉगवरून (शेवटच्या लॉगिनची यादी) ठरवू नका. सांबाने फोल्डर उघडणारा माणूस तिथे ‘कधीच लॉगिन नाही’ असाच दिसतो. रोज काम करणारी नऊ खाती या यादीप्रमाणे मृत होती.

४ मार्च

नोंदवही केली. साधी स्प्रेडशीट, एका खात्याला एक ओळ: खात्याचं नाव, यूआयडी, कुणाचं, कशासाठी, कुणी मंजूर केलं, कधी बंद करायचं. शेवटचा रकाना कंत्राटी माणसांसाठी सक्तीचा.

आस्थापना शाखेच्या यादीशी जुळवताना अर्धा दिवस गेला. पगारपत्रकात नावं हिंदी वळणाने, सर्व्हरवर रोमनमध्ये, त्यातही आडनाव कधी पुढे कधी मागे. शेवटी कर्मचारी क्रमांकावर जुळवणी केली. तो क्रमांक आता खात्याच्या माहिती-रकान्यातच टाकला आहे (यूजरमॉडचा छोटा सी पर्याय), म्हणजे पुढच्या तपासणीत नावांशी झगडायला नको.

५ मार्च

‘ॲडमिन२’ काढायला घेतलं. यूजरडेल म्हणालं की हे खाते प्रक्रिया क्रमांक १ वापरत आहे. बरोबरच आहे: आज्ञा यूआयडी पाहते, आणि शून्य यूआयडीवर संपूर्ण यंत्रणा चालते. अशा वेळी सक्तीचा छोटा एफ पर्याय वापरायचा मोह टाळावा, आणि त्याला छोटा आर जोडणं तर फार घातक. या खात्याचं होम फोल्डर रूटचंच होतं. छोट्या आरने ते पुसलं गेलं असतं. व्हीआयपीडब्ल्यूने पासडब्ल्यूडी फाइलीतली ओळ हाताने काढली, मग व्हीआयपीडब्ल्यूला छोटा एस देऊन शॅडोमधली. शेवटी पीडब्ल्यूसीके चालवून दोन्ही फाइली एकमेकींशी जुळतात ना, ते पाहिलं.

६ मार्च

सोडून गेलेल्यांची खाती बंद करणं. या कामात सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पासडब्ल्यूडी आज्ञेचा छोटा एल पर्याय शॅडोमधल्या हॅशच्या, म्हणजे पासवर्डच्या उलट न फिरवता येणाऱ्या रूपाच्या, आधी उद्गारचिन्ह लावतो. त्याने पासवर्ड निकामी होतो, खाते नाही. त्या माणसाच्या होममध्ये एसएसएचची किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल ओळख) पडलेली असेल आणि एसएसएचडीमध्ये (एसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये) ‘यूजपॅम’ चालू असेल (डेबियनमध्ये असतंच), तर तो किल्लीने सरळ आत येतो. हे एका बंद केलेल्या खात्यावर प्रत्यक्ष करून पाहिलं: लॉगिन झालं.

खाते खरोखर थांबवायचं तर मुदत संपवायची: चेज आज्ञेला मोठा ई आणि शून्य. मग पॅमचा खाते-टप्पाच नकार देतो, किल्ली असली तरी. पण हेही फक्त नव्या प्रवेशाला लागू. आधीच चालू असलेलं सत्र तसंच राहतं. जुन्या तंत्रज्ञाच्या नावाचं एक टीमक्स (टर्मिनल मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सत्र सर्व्हर शेवटचा रीबूट झाल्यापासून उघडं होतं. लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूजरने ते संपवलं, आणि त्यानंतर पीकिलने उरलेल्या प्रक्रिया.

सांबाचे पासवर्ड तर वेगळ्याच फाइलीत असतात. ‘ओबे पॅम रिस्ट्रिक्शन्स’ हे सेटिंग बंद असेल, तर लिनक्सचं खाते मुदतबाह्य झालं तरी सांबा त्याकडे पाहत नाही. सांबाच्या स्वतःच्या मूळ सेटिंगमध्ये ते बंद असतं, डेबियनच्या तयार कॉन्फ फाइलीत चालू. पीडीबीएडिट मोठा एल देऊन यादी काढली आणि एसएमबीपासडब्ल्यूडी छोटा डी देऊन एकेक बंद केलं. मारियाडीबीतली खाती तिसरीकडे. क्रॉनटॅब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) चौथीकडे. होममधली ऑथराइज्ड-कीज फाइल नाव बदलून ठेवली, आणि रूटच्या व इतर सामायिक खात्यांच्या त्याच फाइलीत या माणसाची किल्ली आहे का, हेही तपासलं. दोन ठिकाणी होती.

खाती पुसलेली नाहीत. पुसलं की फाइलींवर नुसता क्रमांक उरतो. आणि यूजरॲड नवा यूआयडी देताना सध्याच्या सर्वांत मोठ्या क्रमांकापुढचा घेतं, म्हणजे शेवटचं खाते पुसून नवं काढलं तर तोच क्रमांक पुन्हा मिळतो आणि नव्या माणसाला जुन्याच्या फाइली आपोआप मिळतात. फाइंड आज्ञेला नोयूजर पर्याय देऊन पाहिल्यावर अशा बेवारस फाइली आधीच्या काळातल्याही निघाल्या. त्या आर्काइव्ह नावाच्या वेगळ्या खात्याकडे वळवल्या.

७ मार्च

पहाटेचा बॅकअप झाला नाही. जर्नलमध्ये (यंत्रणेच्या नोंदींत) क्रॉनच्या नावाने ओळ होती की अमुक खात्याची मुदत संपली आहे. डेटाबेसचा रोजचा डंप निवृत्त कर्मचाऱ्याच्या क्रॉनटॅबमधून चालत होता. क्रॉनसुद्धा पॅमला विचारतो, आणि मुदतबाह्य खात्याचं काम गुपचूप सोडून देतो. मेल लावलेला नसेल तर कुणाला पत्ता लागत नाही.

दुरुस्ती: बॅकअपसाठी सिस्टम खाते, शेल नोलॉगिन (लॉगिन केलं तरी आज्ञा देता येत नाहीत), पासवर्डच्या जागी तारा, पासवर्डची कमाल मुदत नाही. या शेवटच्या गोष्टीवर जोर देतो. माणसांसाठीचा पासवर्ड-मुदतीचा नियम सेवाखात्यांना लागला की हेच पुन्हा घडतं, फक्त संदेश वेगळा येतो: ऑथेंटिकेशन टोकन आता वैध नाही, नवं हवं. खाती बंद करण्याआधी व्हार-स्पूल-क्रॉनमधल्या सगळ्या फाइली वाचून घ्याव्यात, हा क्रम पुढच्या माणसाने पाळावा.

एक बारीक भर: नोलॉगिन शेल दिलं म्हणजे एसएसएच पूर्ण बंद झालं असं नाही. किल्ली असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमार्फत पुढे जोडणी) तरीही चालतं. म्हणून एसएसएचडीत ‘अलाउ ग्रुप्स’ (ठरलेल्या गटालाच प्रवेश) लावायचं ठरवलं. ते १९ तारखेला.

८ मार्च

हॅशची तपासणी. शॅडोच्या दुसऱ्या रकान्याची सुरुवात पाहिली की पद्धत कळते: डॉलर-१-डॉलर म्हणजे एमडी५, डॉलर-६ म्हणजे एसएचए-५१२, डॉलर-वाय म्हणजे येसक्रिप्ट. डेबियन ११ पासून नवे पासवर्ड येसक्रिप्टमध्ये जातात, पण जुने हॅश आपोआप बदलत नाहीत. माणसाने पासवर्ड बदलेपर्यंत ते तसेच राहतात. इथे काही खात्यांवर अजून एमडी५ होता.

संस्थेच्या सचिवांची लेखी परवानगी घेऊन, नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या मशीनवर जॉन द रिपरने (हॅशवरून पासवर्ड ओळखायचा प्रोग्रॅम) जुने हॅश तपासले. परवानगीशिवाय हे करू नये, आणि काम झाल्यावर हॅशची प्रत आणि निकालाची फाइल दोन्ही नष्ट करावीत. कुणाचा पासवर्ड काय होता हे कुठेही लिहिलेलं नाही. फक्त नमुने टिपले. शहराचं नाव आणि पिनकोड ४५२००१. खजराना, गणपती, अहिल्या यांपुढे ॲटचं चिन्ह आणि १२३. मोबाइल क्रमांक. गाडीचा क्रमांक, एमपी०९ पासून सुरू होणारा.

गाडीचा क्रमांक लोकांना मजबूत वाटतो, कारण त्यात अक्षरं आहेत आणि आकडेही. पण एमपी०९ सगळ्यांना ठाऊक. उरतात दोन अक्षरं आणि चार आकडे: २६ गुणिले २६ गुणिले १०,०००, म्हणजे ६७ लाख ६० हजार शक्यता. जुन्या एमडी५ हॅशवर साधं ग्राफिक्स कार्ड हे मिनिटभरात संपवतं.

१० मार्च

नियम ठरवले. लेखापरीक्षणाच्या यादीत ‘दर ९० दिवसांनी बदल, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ असं होतं. याला विरोध लेखी नोंदवला. अमेरिकेच्या एनआयएसटीने २०१७ च्या ८००-६३बी या मार्गदर्शिकेतच ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती आणि अक्षर-मिश्रणाची सक्ती दोन्ही नकोत असं म्हटलं आहे; पासवर्ड फुटल्याचा पुरावा दिसला तर मात्र बदलायचा. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा एकने वाढवतो, आणि हे या सर्व्हरवरच्या जुन्या नमुन्यांतही दिसलं. चर्चेनंतर तोडगा निघाला: ३६५ दिवस, किमान लांबी १५, मिश्रणाची सक्ती नाही.

पीडब्ल्यूक्वालिटी (नव्या पासवर्डचा दर्जा तपासणारं मॉड्यूल) बसवलं. त्याच्या कॉन्फ फाइलीत मिनलेन १५, चारही क्रेडिट शून्य, यूजरचेक चालू, रीट्राय ३. क्रेडिटला शून्याच्या वरचा आकडा दिला तर आकडे-चिन्हं वापरणाऱ्याला लांबीत सूट मिळते, म्हणजे १५ लिहूनही बाराचा पासवर्ड पास होतो. म्हणून शून्यच. ‘एनफोर्स फॉर रूट’ची ओळ घालायला विसरू नये, ती नसेल तर रूटने कुणाचाही पासवर्ड ठरवताना नुसती सूचना येते आणि १२३४५६ सुद्धा स्वीकारला जातो. कार्यालयांत पासवर्ड बहुतेक वेळा व्यवस्थापकच रूटने ठरवून देतो, म्हणजे सगळा नियम तिथेच गळून पडतो.

‘बॅडवर्ड्‌स’मध्ये (पासवर्डात चालणार नाहीत अशा शब्दांच्या यादीत) शहरातले शब्द छोट्या रोमन अक्षरांत भरले: इंदूर, अहिल्या, होळकर, राजवाडा, खजराना, गणपती, सराफा, रामबाग, संस्थेचं नाव, एमपी०९. तीन किंवा कमी अक्षरांचे शब्द यात टाकून उपयोग नसतो. वेगवेगळी स्पेलिंगं वेगवेगळी लिहावी लागतात. खजरानाची तर तीन निघाली.

मुदतीचं: लॉगिन-डेफ्स फाइलीत ३६५ लिहिलं, पण ते फक्त यापुढे तयार होणाऱ्या खात्यांना लागतं. आधीच्या खात्यांना चेज मोठा एम एकेक लावावं लागलं, सेवाखाती वगळून.

११ ते १३ मार्च

पंधरा अक्षरांचा पासवर्ड म्हटल्यावर पहिली प्रतिक्रिया हीच की लक्षात कसा राहणार. उत्तर: फासे टाकून निवडलेले पाच शब्द. इंग्रजी शब्दयाद्या तयार मिळतात, पण रोखपाल खिडकीवर बसलेल्या माणसाला अनोळखी इंग्रजी शब्द का पाठ करायला लावायचे? म्हणून मराठी यादी केली. या कामाला अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

देवनागरीतच पासवर्ड का नाही, हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. कारण एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. ‘दऱ्या’ घ्या. एका कीबोर्डावर तो ऱ, हलंत आणि य असा जातो. दुसऱ्यावर साधा र, हलंत, अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा, म्हणून लॉगिन नाही. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात, चूक सापडायचीच नाही. शिवाय कन्सोलवर देवनागरी कीबोर्डच नसतो. तेव्हा मराठी शब्द, रोमन अक्षरं. मेसेज लिहिताना सगळे तसंच लिहितात.

चार फासे म्हणजे ६ चा चौथा घात, १२९६ शब्द हवेत. एका शब्दाचे सुमारे १०.३ बिट (एक बिट वाढला की शक्यता दुप्पट), पाचांचे साधारण ५१.७. येसक्रिप्टसारख्या सावकाश हॅशसाठी आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा असलेल्या सर्व्हरसाठी हे पुरेसं आहे. प्रशासकांसाठी सहा शब्द ठेवले, ६२ बिट.

खरी अडचण स्पेलिंगची. रोमनमध्ये ल आणि ळ एकच: कमल आणि कमळ, बाल आणि बाळ, काल आणि काळ. त आणि ट एकच: पत आणि पट, दात आणि दाट. यादीत दोन्ही राहिले तर तेच स्पेलिंग दोनदा येतं आणि शक्यता घटतात. मग वही हा शब्द व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, फूल पीएचने की एफने, क्षण एक्सने की केएसएचने, ज्ञ तर विचारूच नका. नियम असा केला की एका स्वराला एकच अक्षर, ह्रस्व-दीर्घ भेद नाही; आणि व, फ, क्ष, ज्ञ असलेले शब्द सरसकट बाद. रोमन रूपं सॉर्ट आणि युनिकमधून काढून दुहेरी असतील त्यांतला एक काढून टाकला. देवांची नावं, आडनावं, गावं आणि बॅडवर्ड्‌समध्ये येणारे शब्दही बाद. एवढ्या चाळणीनंतर यादी १२९६ च्या बरीच खाली आली आणि भाज्या, अवजारं, घरातली भांडी, झाडं, शरीराचे अवयव अशा गटांतून पुन्हा भरावी लागली. तिखट, विळा, पळी, हे सगळं तिथूनच आलं. विळा मात्र ‘व’मुळे पुन्हा गेला.

शब्दांमध्ये आडवी रेघ सक्तीची. नमुना: दगड-लसूण-पडदा-सुतार-ओढा. हा नमुना छापील कागदावर आहे, म्हणून तो कुणी वापरायचा नाही. रोमन रूपात बॅडवर्ड्‌समध्येही टाकला आहे.

चार फाशांना ४० रुपये, यादीच्या पाच प्रती छापून बांधायला २२५. फासे टाकताना एक नियम पाळावा: पडले ते शब्द घ्यायचे. आवडते शब्द येईपर्यंत टाकत राहिलं तर ते फासे टाकणं राहत नाही. दोन संच टाकून त्यांतला एक निवडू दिला तर नुकसान फार तर एका बिटाचं होतं, तेवढी मुभा दिली. क्रम बदलायचा नाही.

१५ मार्च

सूडो, म्हणजे रूटचा पासवर्ड न देता रूटच्या आज्ञा चालवू देणारी सोय. आजवर तिघांना रूटचा पासवर्ड ठाऊक होता. आता दोघांना नावाने सूडो. सूडोअर्स-डी फोल्डरात प्रत्येकाची फाइल खात्याच्याच नावाने केली, आणि दोघांपैकी एकालाच अधिकार मिळाला. व्हीसूडोची तपासणी दोन्ही फाइली ठीक म्हणत होती. कारण साधं पण चटकन सुचत नाही: त्या फोल्डरातल्या ज्या फाइलीच्या नावात टिंब असतं ती सूडो वाचतच नाही. जुन्या सर्व्हरवरून आलेलं खाते नाव-टिंब-आडनाव अशा रूपाचं होतं. फाइलीचं नाव आडव्या रेघेने केलं, झालं.

शाखाधिकाऱ्याला फक्त सांबा रीस्टार्ट करण्यापुरती एक ओळ दिली, आज्ञेच्या पूर्ण मार्गासह. कॉन्फ फाइल बदलायला सूडोने एडिटर देऊ नये. एडिटरमधून शेल उघडता येतं आणि मग मर्यादा उरत नाही. त्यासाठी सूडोएडिट आहे.

१९ मार्च, रंगपंचमी

कार्यालय बंद, म्हणून एसएसएच आणि पॅमचे बदल आजच. गेरमुळे (रंगपंचमीची मिरवणूक) राजवाड्याकडचे रस्ते सकाळपासून बंद असतात, तेव्हा कन्सोलवर बसणारा माणूस त्याआधीच आत हवा. पॅमला हात लावताना कन्सोलवर एक रूट सत्र आणि एसएसएचवर दुसरं, दोन्ही शेवटपर्यंत उघडी ठेवायची. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) आधी.

एसएसएचडी: रूट लॉगिन नाही, पासवर्डने प्रवेश नाही, अलाउ ग्रुप्समध्ये एकच गट. मुख्य कॉन्फ फाइलीत लिहून रीलोड केलं, तरी पासवर्ड विचारत राहिलं. डेबियन १२ मध्ये ही फाइल सुरुवातीलाच कॉन्फिग-डी फोल्डरातल्या तुकड्यांना आत घेते, आणि एसएसएचडीत पहिल्यांदा वाचलेली किंमतच टिकते. क्लाउड इमेजने तिथे ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल ठेवली होती, त्यात पासवर्डला ‘येस’. आपले नियम १०-धोरण या नावाच्या फाइलीत हलवले, म्हणजे ते पन्नासच्या आधी वाचले जातात. शिवाय कीबोर्ड-इंटरॲक्टिव्हही ‘नो’ करावं लागतं. नाहीतर पॅममार्फत तोच पासवर्ड दुसऱ्या दाराने मागितला जातो. फाइलीत काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नये. एसएसएचडी मोठा टी देऊन प्रत्यक्ष लागू असलेल्या किमती पाहाव्यात.

फेललॉक: पाच चुका, पंधरा मिनिटं कुलूप. डेबियन १२ मध्ये याच्या ओळी कॉमन-ऑथमध्ये हाताने घालाव्या लागतात. प्रीऑथची ओळ पॅम-युनिक्सच्या आधी, ऑथफेलची नंतर. घातल्यावर बरोबर पासवर्डलाही नकार येऊ लागला, सगळ्यांना. पॅम-युनिक्सच्या ओळीत सक्सेस बरोबर १ असतं: यश आलं तर पुढची एक ओळ ओलांड. आधी ती ओलांडायची ओळ म्हणजे पॅम-डिनाय, सरळ नकार देणारी, होती. आता मध्ये ऑथफेल आलं, त्यामुळे एक ओळ ओलांडून यशस्वी माणूस नेमका डिनायवर पडत होता. सक्सेस बरोबर २ केल्यावर सुटलं, आणि डिनायच्या खाली ऑथसक्सची ओळ घातली म्हणजे यश आल्यावर मोजणी शून्य होते. कन्सोलवरचं सत्र उघडं नसतं तर स्नॅपशॉटवर परत जावं लागलं असतं.

रूटला फेललॉक लावलेलं नाही. बाहेरच्याने मुद्दाम चुकीचे प्रयत्न करून शेवटचा माणूसही बाहेर ठेवू नये म्हणून. कुलूप उघडायला फेललॉक आज्ञेला यूजर आणि रीसेट.

सांबाला हे काहीच लागू होत नाही, कारण एन्क्रिप्टेड पासवर्डची पडताळणी तो पॅमकडे पाठवतच नाही. त्याची मर्यादा वेगळी: पीडीबीएडिट मोठा पी, ‘बॅड लॉकआउट अटेम्प्ट’, मोठा सी, ५. सांबाचा एनटी हॅश मिठाशिवायचा (सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळला जाणारा वेगळा भाग, नसलेला) आणि झटपट तपासता येणारा असतो, म्हणून पाच शब्दांची खरी गरज तिथेच जास्त आहे.

फेल२बॅन (वारंवार चुकीचे प्रयत्न करणाऱ्या पत्त्यांना अडवणारा प्रोग्रॅम) सुरूच होईना. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (नोंदी फाइलींत लिहिणारी सेवा) मुळात बसवलेलं नसतं, त्यामुळे ऑथ-लॉग फाइलच नाही. त्याच्या जेल-लोकल या कॉन्फ फाइलीत बॅकएंड सिस्टमडी लिहून आणि पायथन३-सिस्टमडी बसवून चाललं.

२१ आणि २२ मार्च

पासवर्ड बदलाचे दिवस. सगळ्यांना चेज छोटा डी शून्य लावून ‘पुढच्या लॉगिनला बदला’ म्हणायचा सोपा मार्ग इथे चालत नाही. सांबापुरते येणारे लोक शेल पाहतच नाहीत, त्यांना प्रश्न कधी विचारलाच जात नाही. आणि किल्लीने येणाऱ्याला विचारला जातो, पण आधी जुना पासवर्ड मागतो, जो त्याला कदाचित माहीतच नसतो. तो अडकून बसतो. म्हणून चार-चार जणांना बोलावून, फासे टाकून, समोरच एसएमबीपासडब्ल्यूडीने बदल. पासवर्डच्या लांबीचा नियम इथे पीडब्ल्यूक्वालिटीतून आपोआप लागत नाही, कारण रूटने चालवलेली ती आज्ञा सांबाच्याच फाइलीत लिहिते. पुढे लोक स्वतः पासवर्ड बदलतील तेव्हासाठी लांबीची अट पीडीबीएडिटच्या धोरणात ‘मिन पासवर्ड लेन्थ’ १५ करून घातली; रूटने ठरवलेल्या पासवर्डला तीही लागत नाही.

शब्दांचा कागद पहिला आठवडा पाकिटात ठेवायची परवानगी दिली. पैशांच्या पाकिटात, ड्रॉवरमध्ये नाही, कीबोर्डखाली तर नाहीच. बहुतेकांना तीन-चार दिवसांत पाठ झाला. विंडोजमध्ये साठवलेला जुना पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमधून काढायला विसरलं की मशीन तोच पाठवत राहतं आणि पाच चुकांत खाते कुलूपबंद होतं. दोन्ही दिवसांच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी याच होत्या.

‘हिशोब’ खाते आज बंद. विभागातल्या प्रत्येकाला आपापलं खाते, सगळे ‘हिशोब’ गटात, आणि सामायिक फोल्डरावर सेटजीआयडी (तिथली नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते). सांबात ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७०. हे न केल्यास एकाने बनवलेली फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही.

२४ मार्च

रूटचा सहा शब्दांचा पासवर्ड बंद लिफाफ्यात, जोडावर दोन सह्या, संस्थेच्या तिजोरीत. लिफाफा उघडला गेला तर त्याच दिवशी नवा पासवर्ड, नवा लिफाफा.

लॉग: सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. जर्नलला ‘सिस्टम मॅक्स यूज’ ८ जीबी दिलं, कारण मूळ मर्यादा फाइलसिस्टमच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त ४ जीबी असते. अयशस्वी लॉगिनची बीटीएमपी फाइल लॉगरोटेटमध्ये एकच महिना मागे ठेवली जाते. ते ७ केलं.

आस्थापना शाखेला एक पानी तक्ता दिला: माणूस रुजू झाला, बदली झाली, सोडून गेला. सोडून गेल्याची सूचना शेवटच्या दिवशी दुपारी चारपर्यंत. त्या तक्त्याच्या पाठीमागे ६ आणि ७ मार्चची सगळी ठिकाणं क्रमाने: क्रॉन, मुदत, चालू सत्रं, किल्ल्या, सांबा, मारियाडीबी. आजपासून ३१ पर्यंत बदल बंद.

३ एप्रिल

वर्षअखेर पार पडली. कुलूपबंद झालेली खाती तुरळक, सगळी विंडोजमधल्या जुन्या पासवर्डमुळे. बॅकअप रोज झाला.

राहिलेलं एक मोठं काम: खातेवहीचं सॉफ्टवेअर मारियाडीबीत एकाच खात्याने जातं आणि त्याचा पासवर्ड कॉन्फ फाइलीत उघडा लिहिलेला आहे. फाइल सगळ्यांना वाचता येत होती. ती ६४० करून सेवेच्या गटापुरती ठेवली, डेटाबेसमधले त्या खात्याचे अधिकार एकाच डेटाबेसपुरते केले आणि प्रवेश लोकलहोस्टवरून. पासवर्डही बदलला. प्रत्येकाची वेगळी ओळख डेटाबेसपर्यंत पोहोचवायची तर सॉफ्टवेअरमध्येच बदल हवा. पुरवठादाराला लेखी मागणी गेली आहे, उत्तर आलं की इथे पुढची नोंद.